पहिल्या लोकलची वाट पाहणारी भगिनी

मुंबईतील परमिट रूम रात्री दीड वाजता बंद होतात. शेवटची लोकल तोपर्यंत गेलेली असते आणि पहाटेची पहिली लोकल चारच्या सुमारास सुटते. मधल्या अडीच तासांत आठ-आठ तास उभे राहून पाय सुजलेली वेट्रेस कुठे असते, हा प्रश्न आपल्याला कधी पडला आहे काय?

आमच्या वस्तीतील एका भगिनीला आम्ही तो विचारला. ती म्हणाली, "स्टेशनच्या बाकावर. दुसरं कुठं जाणार?" तिच्याजवळ नेमणूकपत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही. पगार नावापुरता, घर चालते ते टिपवर. सकाळी सहाला ती घरी येते, पाणी भरते, मुलांचे डबे करते आणि मग आडवी होते. वस्ती मात्र तिला 'बारवाली' म्हणून ओळखते.

या स्त्रियांच्या नावाने सरकारने नीतीचे सोंग बरेच केले. 2005 मध्ये डान्सबारवर बंदी आली, पण तारांकित हॉटेलांना तीतून सूट दिली गेली. म्हणजे गरिबाच्या बारमधील नाच अनैतिक आणि श्रीमंताच्या हॉटेलातील नाच संस्कृती! 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मधल्या वर्षांत ज्यांच्या चुली विझल्या, त्यांचा हिशेब कोणी दिला?

1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीला रात्रीच्या कामाची मनाई केली होती. त्यामुळे रात्री काम करणारी स्त्री कागदावर नव्हतीच, आणि जी कागदावर नाही तिचे हक्कही नाहीत. 2017 च्या नव्या कायद्याने तिच्या संमतीने रात्रपाळीला परवानगी दिली. सुरक्षितता, लैंगिक छळापासून संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन ही जबाबदारी मालकावर टाकली. परंतु छोट्या आस्थापनांना या कायद्यातून मोठी सूट आहे, आणि नेमणूकपत्रच नसेल तर वाहन मागायचे कोणत्या तोंडाने? कायदा दारापर्यंत सोडतो म्हणतो, आमची भगिनी स्टेशनच्या बाकावर बसते.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. पुढे मजूरमंत्री असताना 1946 च्या कारखाना दुरुस्तीने कामाचा आठवडा 48 तासांवर आणला. कामगाराला दया नको, कायद्याने दिलेला हक्क हवा, हा त्यांचा मार्ग होता. तो हक्क वेट्रेसच्या दारात येऊन का थांबतो?

याचे एक उत्तर आपल्यालाही द्यावे लागेल. जयंतीची वर्गणी मागायला आपले कार्यकर्ते या भगिनीच्या दारात जातात. ती देतेही, टिपच्या चुरगळलेल्या नोटांतून. परंतु तिचे नाव कमिटीत घ्यायचे म्हटले की माना खाली जातात. वर्गणी चालते, बाई चालत नाही! ज्या समाजाने शतकानुशतके स्पर्शाचा विटाळ सोसला, त्याने धंद्याचा विटाळ पाळावा काय?

आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक वेट्रेसला नेमणूकपत्र, किमान वेतन आणि रात्रीचे वाहन मिळाले पाहिजे. आपल्या कामगार संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा. आणि येत्या जयंतीच्या बैठकीत त्या भगिनीला आधी खुर्ची द्यावी. रात्रभर ती उभीच असते.