'ढ' कोण म्हणतं रे?

मिक्सर खोलून पुन्हा जोडणारा पोरगा मराठीच्या धड्यासमोर बसला की घामाघूम का होतो? आमच्याच घरातली ही गोष्ट...

मे महिन्यातली दुपार. नागपुरातली म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. कूलर घरघरतोय, आई आत लवंडलेली आणि मी लॅपटॉपवर डेडलाइनशी झटापट करत बसलेली. शेजारी माझा भाचा, आमचा छोटू. वय वर्षं नऊ, चौथीत जाणार. ताईने सुट्टीत 'जरा वाचून घे गं त्याच्याकडून' म्हणून माझ्याकडे सोडलेला. पुस्तक उघडून दहा मिनिटं झाली तरी आवाज नाही. बघितलं तर साहेब रडकुंडीला आलेले.

"मावशी, मी ढ आहो का?"

काय सांगू, पोटात कालवलंच! कारण पाच मिनिटांपूर्वी मी स्वतःच वैतागून म्हटलं होतं, "अरे, एवढं साधं नाही येऊन राहिलं तुला?"

आता हा छोटू कसा आहे ते ऐका. घरातला मिक्सर त्याने एकदा पूर्ण खोलला आणि पुन्हा जोडला. चालला! बर्डीहून कुठली बस कुठे जाते हे त्याला तोंडपाठ. गोष्ट ऐकवली की आठ दिवसांनी तपशिलासकट परत सांगतो. पण तीच गोष्ट छापून समोर ठेवली की गाडी पंक्चर. 'कमल', 'गवत' जमतं. 'किती' आलं की अडखळतो. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या घरात शिरतात. शाळेच्या डायरीत शेरा ठरलेला: 'निष्काळजीपणा. पालकांनी लक्ष द्यावे.'

आणि आम्ही लक्ष दिलं की! चुकलेला प्रत्येक शब्द वीस वेळा लिहून घेतला. गंमत म्हणजे पठ्ठ्याने एक शब्द वीस वेळा, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी चुकीचा लिहिला.

डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला तेव्हा मी पाचवीत होते. ईशान अवस्थीसाठी अख्ख्या थिएटरबरोबर मीही रडले. मासकॉमला असताना त्यावर असाइनमेंट लिहून बऱ्यापैकी मार्क मिळवले. पण स्वतःच्या घरातला ईशान ओळखायला मला तीन वर्षं लागली. सिनेमात बॅकग्राउंड म्युझिक असतं ना, घरात नसतं.

शेवटी ताईला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. आधी डोळे तपासले, मग कान. दोन्ही ठणठणीत. मग मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांकाची चाचणी, त्यानंतर वाचन, लेखन आणि गणिताच्या वेगळ्या चाचण्या. दोन-तीन बैठका झाल्या. निकाल: बुद्धी उत्तम, अडचण डिसलेक्सियाची. म्हणजे आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्याचं मेंदूतलं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. आळस नाही, नजरेचा दोष नाही, आईबापाचं दुर्लक्ष तर अजिबात नाही. याची भावंडंही आहेत: लिहिण्यात अडचण ती डिसग्राफिया, आकड्यांत अडचण ती डिसकॅल्क्युलिया. या सगळ्यांना सरकारी मराठीत 'अध्ययन अक्षमता' म्हणतात. (हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा भेटायचंय. ऐकूनच ताईचा चेहरा उतरला होता.)

हे काही आजचं फॅड नाही बरं का. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका चुणचुणीत मुलाबद्दल लिहून ठेवलंय. बाकी सगळ्यात हुशार, फक्त वाचता येत नाही. बरोब्बर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, मुंबईत 'महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन' सुरू झाली आणि त्याच वर्षी आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याने नववी-दहावीच्या अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली.

वेलांटीचा घोळ

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "हे इंग्रजी शाळावाल्यांचं असते ना बाप्पा? आपल्या मराठीत तर जसं बोलतो तसंच लिहितो." मलाही तसंच वाटायचं. पण छोटूला शिकवणाऱ्या स्पेशल एज्युकेटर मॅडमनी कागदावर 'कि' लिहिलं आणि विचारलं, "आधी काय दिसतं?" वेलांटी! "आणि आधी काय म्हणायचं?" क! डोळ्यांना जे आधी दिसतं ते तोंडाने नंतर म्हणायचं. आपण लहानपणीच गिळून टाकलेली ही उलटापालट छोटूच्या घशात अडकते. आणि 'र'चं काय? 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'दुसऱ्या'... एकाच अक्षराची चार सोंगं! त्यात जोडाक्षरं आहेतच.

म्हणूनच मराठी मुलाची चाचणी फक्त इंग्रजीतून घेऊन भागत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा चाचण्यांचा संच केलाय, तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. चाचणी घेणाऱ्यांना हे जरूर विचारा.

मॅडमची शिकवणी बघायला मजा येते. ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं, काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे करायचे. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे खालची ओळ मध्येच घुसत नाही. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पाऊण तास. खर्च हलका नाही आणि चमत्कार होत नाही. सहा महिन्यांत छोटू धडाधड वाचायला लागलेला नाही, पण पुस्तक बघून त्याच्या पोटात दुखणं मात्र थांबलंय.

शाळेचं पान जरा वेगळं. पहिल्या भेटीत 'सगळ्यांना वेगळं शिकवायला बसलो तर पोर्शन कधी संपणार?' हे ऐकावं लागलं. तेव्हा बॅगेतून प्रिंटआउट काढला (जर्नलिस्ट मावशीचा काहीतरी उपयोग!). २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही आहे. अशी मुलं लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करणं, ही शाळेची जबाबदारी म्हणून कायद्यातच लिहिलंय. वर्गशिक्षिका मात्र भली निघाली. तिने त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावणं बंद केलं, उत्तरं तोंडी घ्यायला लागली. सायन्सच्या तोंडी परीक्षेत तो वर्गात दुसरा आला!

सरकारी सर्टिफिकेटचंही बघून ठेवलंय. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळायचं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची. ते हातात असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा अशा सवलती मिळतात. बरेच पालक दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी जागे होतात आणि मग धावपळ. पण मदत सुरू करायला सर्टिफिकेटची वाट बघायची गरज नाही, हे मॅडमनी दहादा सांगितलं.

जीजाजींचं सिक्रेट

रिपोर्ट आला त्या रात्री जीजाजी जेवले नाहीत. त्यांचं इतवारीत इलेक्ट्रिकलचं दुकान, माणूस एकदम दिलदार. गच्चीवर एकटेच बसले होते. मी गेले तर म्हणाले, "मी पण असाच होतो. अजून बँकेचा फॉर्म आला की चष्मा विसरलो म्हणतो आणि तुझ्या ताईकडे देतो." मी गप्पच. बारा वर्षांत आम्हाला कुणाला कळलं नव्हतं. डिसलेक्सिया बरेचदा घराण्यात चालत येतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ते वाक्य असं समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी छोटूला जवळ घेऊन सांगितलं, "मलाबी वेलांटी त्रास देते रे." त्या दिवसापासून पोराची मान जरा ताठ आहे.

तुमच्या ऑफिसातही असेल असा कुणीतरी. मीटिंगमध्ये भन्नाट आयडिया देणारा, पण मेल लिहायचा म्हटलं की टाळणारा. त्याच्या स्पेलिंगचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून आपण हसतो. मीही टाकलेत.

आता शनिवारची दुपार माझी आणि छोटूची. बालभारतीची पुस्तकं वेबसाइटवर फुकट मिळतात. मी धडा वाचते, तो ऐकतो, मग चार ओळी तो वाचतो. फक्त चारच. मी नसले की मोबाइल मराठी वाचून दाखवतो. त्याचा उच्चार ऐकून दोघं जाम हसतो.

आणि 'ढ'? कुणीतरी सांगितलं की ब्राह्मी लिपीपासून हे अक्षर जवळजवळ बदललंच नाही, म्हणून न बदलणाऱ्याला 'ढ' म्हणतात. छोटूला सांगितलं तर म्हणाला, "मग तेच सगळ्यात सोपं आहे की!"

परवा त्याला अ‍ॅक्टिव्हावर घेऊन धरमपेठेतून येत होते. सिग्नलला थांबलो. मागून आवाज आला, "मावशी, ती पाटी बघ. 'शित पेये'. मॅडम तर दुसरी वेलांटी सांगतात." मी बघितलं, खरंच चुकली होती.

"यांना कोणी लाल पेन नाही मारला?"

सिग्नल सुटला, मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.