समुद्राच्या खात्यावर

भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा ही नावे मुंबईकरांच्या ओळखीची आहेत ती रविवारच्या सहलीपुरती. सुरूची सावली, ओली वाळू, भाजलेले कणीस आणि अंधार पडायच्या आत परतीची लोकल. पण वसईचा हा किनारा खरा पाहायचा असेल, तर भर पावसाळ्यात अमावास्येचे उधाण होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. भरतीने जिथवर मजल मारली तिथे कचऱ्याची एक लांबलचक रेघ उमटलेली असते. वेफर्सच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, थर्मोकोलचे तुकडे, एकेका पायातल्या चपला, नायलॉनच्या दोराचे गुंते, जाळ्यांचे फाटके पदर आणि हे सारे एकमेकांना चिकटवायला असावेत तसे डांबराचे काळे गोळे. त्यापलीकडे सुरूची चार-दोन झाडे मुळे वर करून आडवी.

या रेघेत पाण्याच्या रिकाम्या बाटल्याही असतात. पण दहा वाजेपर्यंत थांबलात तर त्यातल्या बऱ्याच नाहीशा झालेल्या दिसतात. पोते घेऊन आलेल्या बायका त्या वेचून नेतात. चपला आणि जाड डबेही जातात. उरतात त्या वेफर्सच्या पुड्या, पातळ पिशव्या, थर्मोकोल आणि जाळी. का? तर बाटलीला भाव आहे, पुडीला नाही. भंगारवाला जे नाकारतो, ते समुद्राच्या खात्यावर जमा होते. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण पर्यावरणाच्या प्रश्नाकडे मला आधी या बाजूने पाहावेसे वाटते.

वसईचे भौगोलिक नशीब मोठे विचित्र आहे. रेल्वेच्या पश्चिमेला वाड्या, विहिरी, केळी, सोनचाफा आणि समुद्र. पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या पट्ट्यातले गाळे, जिथे मुंबईचे भंगार येऊन पडते. निवडणे, धुणे, दळणे, वितळवणे आणि शेवटी प्लास्टिकचा 'दाणा' करून पुन्हा बादल्या, मग, पाइप बनवणाऱ्याला विकणे, ही सगळी साखळी या पट्ट्यात नांदते. 'हरित उद्योजक' हा शब्द त्या गाळेवाल्यांना कोणी लावला नाही. ते धुराने आणि सांडपाण्याने त्रास देतात, हेही खोटे नाही. पण बाटली समुद्रापर्यंत पोचत नाही ती त्यांच्यामुळे, ही नोंद जमेच्या बाजूला घ्यायलाच हवी.

जे नाकारले जाते त्याचे काय होते, हे वसईकरांनी जुलै २०१८ मध्ये पाहिले. वसई-विरार-नालासोपारा दिवसचे दिवस पाण्यात राहिले, लोकल बंद पडल्या, मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली. कारणे अनेक होती. मिठागरे आणि पाणथळ जागा भरावाखाली गेल्या, नाले अरुंद झाले. पण नाल्यांची तोंडे बुजवायला पिशव्या आणि बांधकामाचा राडारोडा होताच. तोच राडारोडा रात्रीच्या अंधारात खाडीकाठच्या तिवरांत पडतो आणि समुद्राला थोपवणारी ती फुकटची भिंत गुदमरते.

आता बंदरावर जाऊ. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथली डोलीची मासेमारी जुनी. डोल म्हणजे पिशवीसारखे लांब जाळे. खुंटांना बांधून ते प्रवाहाच्या तोंडाशी उभे करायचे. भरती-ओहोटी जे आणील ते पिशवीत शिरते. जवळा, करंदी, बोंबील यायचे ते असेच. आता त्यांच्याबरोबर पुड्या आणि पिशव्याही येतात. डोल माशांच्या मागे धावत नाही, त्यामुळे तिला निवडही करता येत नाही. म्हावरे निवडणाऱ्या बायकांच्या कामात प्लास्टिक वेगळे काढण्याचे एक बिनपगारी काम वाढले आहे. काढलेले पूर्वी सरळ पुन्हा पाण्यात जाई. कारण बंदरावर आणून करायचे काय?

एके काळी जाळी सुती किंवा सणाच्या धाग्याची असत. झाडांच्या सालीच्या रसात उकळून ती टिकाऊ करत. हरवलेले जाळे समुद्रात कुजून जाई. नायलॉन आले, कष्ट कमी झाले, जाळे हलके आणि बळकट झाले. पण ते कुजत नाही. तळाशी तुटून पडलेले जाळे मासे, खेकडे, कासवे धरत राहते आणि ती पकड कोणाच्याच टोपलीत जात नाही. २००९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालात अशी सोडलेली-हरवलेली मासेमारीची सामग्री वर्षाला सुमारे ६ लाख ४० हजार टन असल्याचा अंदाज दिला होता. हा आकडा पुढे वादाचा ठरला, पण प्रश्न खोटा ठरला नाही. बंदरावर परत आलेले फाटके जाळे मात्र वाया जात नसे. वाडीला कुंपण, भाजीवर पाखरांपासून आच्छादन, विहिरीवर झाकण. आमच्याकडचा हा पुनर्वापर कोणत्याही परिषदेच्या आधीचा. पण कुंपणाला जाळी लागून लागून किती लागणार?

या जाळ्यांत धंदा दिसला तो आधी परदेशात. इटलीच्या ॲक्वाफिल कंपनीने २०११ पासून जुनी जाळी आणि गालिचे यांतले नायलॉन रासायनिक प्रक्रियेने मूळ घटकापर्यंत नेऊन पुन्हा नवा धागा काढायला सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमध्ये २०१३ साली तीन अमेरिकन तरुणांनी 'ब्युरिओ' नावाचा उद्योग काढला. कोळी गावांकडून टाकाऊ जाळी विकत घ्यायची आणि त्यांच्यापासून आधी खेळण्याच्या चाकाच्या फळ्या, पुढे टोप्या-कपड्यांना लागणारा माल करायचा. यातला 'विकत' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी कोळ्यांना उपदेश केला नाही, जाळ्याला भाव दिला.

आपल्याकडे केरळने २०१७ मध्ये कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरात 'शुचित्व सागरम्' सुरू केले. बोटींना पिशव्या दिल्या. जाळ्यात आलेले प्लास्टिक त्यात भरून किनाऱ्यावर आणायचे, बंदरावरच्या बायका ते धुऊन, निवडून, यंत्रात बारीक करणार आणि तो चुरा रस्त्याच्या डांबरात जाणार. चुऱ्याचे तंत्र मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांचे. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा थर चढवून मग डांबर मिसळायचे. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. झिजलेल्या रस्त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण पुन्हा पाण्यात जातात का, अशी शंका काही अभ्यासक घेतात आणि ती रास्त आहे. तरीही वसईसारख्या बंदरांना नीण्डकऱ्याची वही उघडून पाहण्यासारखी आहे. तिथे यंत्र शेवटी आले. आधी पिशवी आली, निवडणाऱ्या बायकांची मजुरी ठरली आणि चुरा घेणारे गिऱ्हाईक ठरले.

महाराष्ट्रातही अशी मंडळी आहेत, बरीचशी पुण्यात. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी घरच्या प्रेशर कुकरपासून प्रयोग करत करत टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन काढण्याचा 'रुद्र' हा उद्योग उभा केला. अमिता देशपांडे यांच्या 'रीचरखा'त पिशव्या आणि वेष्टनांच्या पट्ट्या कापून चरख्या-हातमागावर त्यांचे कापड विणतात, पिशव्या-पर्स करतात. यातले काही समुद्रकाठी घडत नाही, असे कोणी म्हणेल. पण समुद्रातून आलेले प्लास्टिक हा कच्चा माल म्हणून फार वाईट असतो. उन्हाने ठिसूळ झालेला, वाळूने भरलेला, मिठाने खारट. तो धुण्यातच निम्मा धंदा बुडतो. तीच पुडी स्वयंपाकघरातून कोरडी हाती आली तर तिचे काही होऊ शकते. किनाऱ्याचे रक्षण ओट्यापाशी सुरू होते ते या हिशेबाने.

आता बँकेच्या खुर्चीतून चार शब्द. कारखान्यासाठी कर्ज मागणाऱ्याला पहिला प्रश्न असे: कच्चा माल कोण देणार? कापसाचा, तेलबियांचा माणूस व्यापाऱ्याची बिले पुढे ठेवी. कचऱ्याच्या धंद्यात माल देणारी बाई पोते रिकामे करते, रोख पैसे घेते आणि जाते. बिल कुठले? दुसरा प्रश्न तारणाचा. गोदामात साठवलेल्या पन्नीच्या गोण्या हे तारण म्हणून कोण धरणार? त्यात अशी गोदामे पेटण्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: गिऱ्हाईक कोण? पर्स घेणारा पर्सचे पैसे देतो. किनारा स्वच्छ राहिला, कासव वाचले, नाला तुंबला नाही, याचे पैसे कोण देणार? समुद्र देत नाही. म्हणून अशा उद्योगांचे कागद शाखेच्या टेबलावर फिरत राहतात आणि दोष नेहमी अधिकाऱ्याच्या कोत्या मनाचाच असतो असे नाही.

हे तिसरे गिऱ्हाईक कायद्याने निर्माण करता येते. २०२२ च्या नियमांनी वेष्टन वापरणाऱ्या कंपन्यांवर तेवढ्या प्लास्टिकची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचे, म्हणजे त्या उद्योगाला कमाईचा नवा मार्ग. कल्पना चांगली. पण २०२३ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखोंनी बनावट प्रमाणपत्रे सापडली. कागदावर कचरा आणि कागदावरच त्याचा नाश! बँकेत अशा व्यवहाराला आमच्याकडे फार साधी नावे होती.

त्यापेक्षा मला जुनी डिपॉझिटची रीत अधिक भरवशाची वाटते. सोड्याच्या बाटलीचे पैसे बाटली परत केल्यावर मिळत, हे आपल्या पिढीला शिकवावे लागले नाही. तमिळनाडूने २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन, बाटली परत आणल्यावर ते फेडायला सुरुवात केली आणि बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतही पाण्याच्या बाटलीच्या परतीची किंमत होती. ती बाजारात कोणाच्या हाती पडल्याचे मला तरी दिसले नाही.

खुद्द किनारा राखायला कचरा वापरता येईल का? इथे उत्साहाला थोडा लगाम हवा. १९७२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सुमारे २० लाख जुने टायर समुद्रतळाशी सोडले होते. माशांना घर मिळेल आणि टायरचीही सोय लागेल, असा बेत. बांधलेले पट्टे तुटले, टायर लाटांबरोबर फिरू लागले, शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आपटू लागले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते वर काढत होते. ठेव म्हणून ठेवले ते कर्ज निघाले. जड, स्थिर काँक्रिटचे सांगाडे ही वेगळी गोष्ट. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ते बसवले आहेत.

अमेरिकेतच लुइझियानात २०२० साली फ्रान्झिस्का ट्राउटमन आणि मॅक्स स्टाइट्झ या विद्यार्थ्यांनी घरामागच्या अंगणात एका वेळी एक बाटली फोडणारे यंत्र आणून 'ग्लास हाफ फुल' सुरू केले. आज ती काच दळून वाळू होते आणि तागाच्या पोत्यांत भरून खचणाऱ्या दलदलीच्या काठाला लावली जाते. वर गवत रुजवतात. वसईत हे वाचताना गंमत वाटते. तिकडे बाटल्या फोडून वाळू करतात, इकडे किनाऱ्यावरची आयती वाळू चोरून बांधकामावर नेतात. सुरू कोसळतात त्यात लाटांचा हात आहे तसा या उपशाचाही. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कमी-अधिक झिजतो आहे. उपसा थांबला नाही तर कुठल्याही हरित उद्योजकाची पोती पुरणार नाहीत.

एक उपाय मात्र मला वसईच्या अंगाचा वाटतो, कारण त्याला यंत्रही लागत नाही. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या सेंट ॲन्स किनाऱ्यावर नाताळानंतर लोकांनी टाकून दिलेली झाडे गोळा करतात आणि वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी चर खणून रांगेत पुरतात. वाऱ्याने उडालेली वाळू फांद्यांत अडकते, टेकडी वाढते, वर गवत धरते. तिथल्या टेकड्या समुद्राच्या दिशेने पुढे सरकल्या आहेत. आपल्याकडे अशी झाडे नसली, तरी पावसाळ्यात आडव्या झालेल्या सुरूंच्या फांद्या आहेत, नाताळात सजवलेल्या आणि जानेवारीत कचरागाडीत जाणाऱ्या डहाळ्या आहेत. किनारा सीआरझेडचा, बने वनखात्याची, कचरा महापालिकेचा, म्हणजे तीन टेबलांवर अर्ज करावा लागेल. तो दिवाळीच्या आसपास केलेला बरा. आपल्या किनाऱ्यावर वाळू साठते ती पावसाळा सरल्यावर मेपर्यंत. जूनच्या पहिल्या उधाणाआधी फांद्यांना निदान चार महिने मिळायला हवेत.