कोर्टाची पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तारखांवर तारखा, वकिलाची फी, वर गावात चर्चा. म्हण काही उगाच पडलेली नाही. पण मैत्रिणींनो, मंडळाच्या कामात बायका भेटतात, तेव्हा जाणवतं की ही म्हण सगळ्यात जास्त बाईलाच ऐकवली जाते. ‘कोर्टात जाऊन काय मिळणार? पंच सांगतील ते ऐक.’ आणि पंचांसमोर पुष्कळदा तिला तोंड उघडायचीही सोय नसते.

मग न्यायाधीश म्हणायचं तरी कुणाला?

आपल्या धर्मशास्त्रात त्यासाठी ‘प्राड्विवाक’ असा एक जुना शब्द आहे. उच्चारायला अवघड, पण अर्थ किती सुंदर! जो आधी प्रश्न विचारतो आणि मग विवेचन करून निर्णय देतो, तो प्राड्विवाक. म्हणजे निवाड्याआधी ऐकून घेणं आलंच. बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे. त्यातली दबोरा ही चक्क न्याय करणारी बाई! डोंगराळ मुलखात एका झाडाखाली ती बसायची आणि लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे यायचे.

आपल्याकडे न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणेच आठवतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचा दोष रघुनाथरावांकडे जातो असं दिसल्यावर, ते गादीवर असतानाही शास्त्रीबुवांनी देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून ते निघून गेले. समोरचा कितीही मोठा असो, न्याय बदलत नाही, हा धडा त्यांनी घालून दिला.

पण रखमाबाई किती जणींना ठाऊक आहेत? अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन! पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या.

म्हणजे न्यायाधीशही चुकतो. पण त्याचा निकाल लेखी असतो. त्यावर अपील करता येतं, चारचौघांत वाद घालता येतो. रखमाबाईंच्या खटल्यावरून एवढी चर्चा उठली, की १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यातून बळ मिळालं. पंचांनी झाडाखाली तोंडी सांगितलेल्या निर्णयावर कुठे अपील करणार?

त्या खुर्चीवर बाई पोचायला मात्र फार वर्षं गेली. मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायमूर्ती आल्या त्या १९७८ मध्ये, सुजाता मनोहर. सर्वोच्च न्यायालयात १९८९ मध्ये फातिमा बीवी आल्या. पुढे मनोहरबाईही सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणी बाईचा छळ होऊ नये म्हणून १९९७ मध्ये ‘विशाखा’ खटल्यात नियम घालून दिले गेले, तेव्हा तिघा न्यायमूर्तींत त्या एक होत्या. त्याच नियमांच्या पायावर २०१३ चा कायदा उभा राहिला. आज नोकरीला जाणाऱ्या आपल्या लेकींना त्याचाच आधार आहे.

घरातलं भांडण समजुतीने मिटत असेल तर उत्तमच. पण समजूत म्हणजे एकटीनेच गप्प बसणं नव्हे. जातपंचायतीने वाळीत टाकायची धमकी दिली, तर तो महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि वकिलाच्या फीचं म्हणाल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हेही विचारत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. हा नंबर आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्याला नाही लागला, तरी शेजारणीला लागेल.