वाळवंटी देशातील ऋतुसंधी

वाळवंटी देशात केव्हा जावे, असे विचारले की उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : हिवाळ्यात. अरबस्तानच्या आग्नेय टोकास वसलेल्या ओमानबद्दलही हेच सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. जानेवारीत मस्कतचा पारा भर दुपारीही २५ अंशांच्या आसपास राहतो; जूनमध्ये तो ४० च्या घरात जातो. म्हणून तेथील किल्ले, बाजार आणि वाळूच्या टेकड्यांवरील तंबू हिवाळ्यात पाहुण्यांनी गजबजतात व उन्हाळ्यात ओस पडतात. परंतु या दोन टोकांच्या मध्ये एप्रिल आणि ऑक्टोबर असे दोन सांधे आहेत. एक ऋतू सरून दुसरा लागण्याच्या काळास आयुर्वेदाने ‘ऋतुसंधी’ म्हटले आणि त्या काळात जुन्या सवयी हळूहळू सोडून नव्या हळूहळू धराव्यात, असे सांगितले. गर्दी ओसरलेली आणि ऊन अद्याप असह्य न झालेले, अशा वेळी ओमान पाहू इच्छिणाऱ्यास हा उपदेश तंतोतंत लागू पडतो.

हे दोन सांधे मात्र सारखे नव्हेत. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र या दोन्ही गोष्टी सावकाश करतो. एप्रिलमध्ये जमीन तापू लागली तरी किनाऱ्याचे पाणी हिवाळ्याचा गारवा थोडाफार राखून असते, आणि मस्कतची संध्याकाळ सुखाची जाते. ऑक्टोबरात नेमके उलट घडते. उन्हाळाभर तापलेला समुद्र हवेत बाष्प सोडीत राहतो, त्यामुळे पारा उतरला तरी किनाऱ्यावर घामाची चिकचिक संपत नाही. ऑक्टोबरात जाणाऱ्याने म्हणून अंतर्भागातील कोरडी हवा जवळ करावी, किंवा थेट दक्षिणेकडील ढोफार प्रांत गाठावा. ढोफारच्या डोंगरांना नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पदर लागतो आणि जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तेथे धुके व झिमझिम पाऊस असतो. त्या ऋतूस तेथे ‘खरीफ’ म्हणतात; आपल्या शेतकऱ्याच्या खरीप हंगामाचे नावही त्याच अरबी शब्दावरून आलेले आहे. ऑक्टोबरच्या आरंभी धुके निवळलेले असते, पाहुणे परतलेले असतात, आणि डोंगरउतारांवर हिरवळ मात्र अजून शिल्लक असते.

ऋतुसंधीतील प्रवासाचे पहिले पथ्य दिवसाच्या मांडणीचे आहे. हिवाळी प्रवासी नऊ वाजता न्याहारी करून बाहेर पडतो. एप्रिलमध्ये तसे करणाऱ्याचा दिवस सुरू होण्यापूर्वीच संपतो. निझवा येथील शुक्रवारचा गुरांचा बाजार सकाळी लवकर भरतो. विकावयाच्या शेळ्यामेंढ्या दोरीला धरून गोलाकार फिरवतात, दोन्ही बाजूंना बसलेली गिऱ्हाइके भाव करतात, आणि ऊन चढण्याच्या आत सारा व्यवहार उरकतो. दुपारी दुकाने मिटतात, गल्ल्या निर्मनुष्य होतात, आणि ऊन कलल्यावर गाव पुन्हा जागे होते. हा आळस नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. आता त्यास कायद्याचाही आधार मिळाला आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळात उघड्यावर मजुरांकडून काम करवून घेण्यास ओमानमध्ये बंदी आहे. त्या मजुरांत भारतीयांची संख्या मोठी असल्यामुळे या नियमाशी भारतातील अनेक घरांचाही संबंध पोहोचतो.

एप्रिलचे खरे वैभव डोंगरात आहे. जबल अखदर म्हणजे ‘हिरवा डोंगर’. त्याचे सैक पठार सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि खाली मैदानात उन्हाचा ताप वाढू लागतो तेव्हा तेथे गुलाब फुललेले असतात. मार्चअखेरपासून मेच्या आरंभापर्यंत हा बहर चालतो. पहाटे पाकळ्या खुडून मातीच्या भट्ट्यांवर त्यांचा अर्क काढतात, आणि त्या गुलाबपाण्यास धुराचा किंचित वास येतो. वर जाणारा रस्ता चढाचा आहे. चारही चाकांस गती देणाऱ्या मोटारीवाचून नाक्यावरून पुढे सोडीत नाहीत.

या बागांना व खालच्या खजुरीच्या बनांना जगविणारी व्यवस्था म्हणजे ‘फलज’. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातील पाणी विहिरीत गाठावयाचे आणि किंचित उताराच्या बोगद्यातून, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर, ते मैलोगणती दूरच्या गावात आणावयाचे, अशी तिची एक रचना आहे. असे सुमारे ३,००० फलज आजही वाहते आहेत. त्यांपैकी पाचांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पाणी गावात शिरताच प्रथम पिण्यासाठी, मग स्नानासाठी व मशिदीसाठी आणि त्यानंतर शेतीसाठी वापरतात. शेतीचा वाटा मापाने नव्हे, वेळेने ठरतो. ‘अथर’ म्हणजे सुमारे अर्धा तास. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून व रात्री ताऱ्यांवरून तो मोजीत. आता मनगटी घड्याळे आली. व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यास तेथे ‘वकील’ म्हणतात. या पद्धतीतील न्याय कोरड्या वर्षी ध्यानात येतो. प्रवाह बारीक झाला तरी प्रत्येकाची वेळ तीच राहते, आणि टंचाई सर्वांच्या वाट्यास सारखीच येते.

ज्या देशात पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवतात, तेथे पुराची भीती बाळगावयास सांगणे विपरीत वाटेल. परंतु एप्रिल हा वादळी पावसाचाही महिना आहे. ‘वादी’ म्हणजे नदीचे कोरडे पात्र. दूर डोंगरात पडलेला पाऊस निरभ्र आकाशाखालील वादीतही घटकाभरात लोंढा आणतो, कारण खडकाळ जमीन पाणी जिरू देत नाही. एप्रिल २०२४ मधील अशा पुरात वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांत शाळकरी मुले होती. म्हणून पात्रात मुक्काम करू नये, वाहत्या पाण्यात मोटार घालू नये, आणि स्थानिक माणसाने थांबा म्हटले तर घड्याळाकडे न पाहता थांबावे.

एप्रिल सरतो, प्रवासी परततो, आणि गावकऱ्यांच्या कष्टाचे दिवस सुरू होतात. खजुरीच्या झाडांवर त्याने हिरवे, कोवळे घोस पाहिलेले असतात. ते पिकतात पुढच्या उन्हात. जून-जुलैत ‘मबसली’ जातीचा अर्धकच्चा खजूर मोठ्या कढयांतून उकळतात व उघड्यावर वाळवितात. तीच खारीक. पिढ्यान्‌पिढ्या तिचा मोठा वाटा समुद्रमार्गे भारतात येत आला आहे. जे ऊन टाळण्यासाठी पाहुणा देश सोडतो, त्याच उन्हात वाळलेले ते फळ मग महाराष्ट्रातील एखाद्या घरी बाळंतिणीच्या लाडवांत पडते.