सुट्टीतील मुलांचा दिवस : काम, शिक्षण आणि खेळ

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे घरोघरी दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. ‘दिवसभर नुसता उंडारतो’ हे एक आणि ‘आता हाताशी कोणी आले’ हे दुसरे. पहिले बहुधा मुलाविषयी असते, दुसरे मुलीविषयी. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील चाळींतून हिंडताना हा भेद आमच्या ध्यानी वारंवार आला आहे. पाचवी-सहावीतील मुलगी पहाटे नळावर रांगेत उभी असते. मग धाकट्या भावंडास कडेवर घेते, दुपारी भांडी घासते. भाऊ त्या वेळी गल्लीत क्रिकेट खेळत असतो. सुट्टी मात्र दोघांनाही एकाच दिवशी लागलेली असते.

मुलांनी घरकाम करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. आईबाप दोघेही कामावर जात असता मुलांनी हातभार लावणे योग्यच होय. 2016 साली सुधारलेल्या बालकामगार कायद्यानेही शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबास बिनधोक कामात मदत करण्याची मुभा मुलांना ठेवली आहे. परंतु विश्रांती व खेळ हाही बालकाचा हक्क होय, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत म्हटले असून भारताने ती 1992 साली स्वीकारली आहे. म्हणून कामास घड्याळाची मर्यादा असावी, आणि ते मुलगा-मुलगी दोघांत वाटलेले असावे. सकाळचा एक तास पुरे.

काम आणि शिक्षण यांचे वैर नाही, हे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आपल्या शेजारीच दाखवून दिले. 1945 साली बोर्डीस आरंभलेले त्यांचे कार्य 1957 साली डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत. ती शाळेत येईनात. तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तीच कुरणशाळा.

आपल्याकडे कुरण नाही, पण नळ आहे. पंधरा लिटरांचे सहा हंडे भरले, घरात माणसे पाच, तर प्रत्येकाच्या वाट्यास किती पाणी आले? हा हिशेब मुलाने कोळशाने भिंतीवर मांडला तरी चालेल. (भिंत पुसता येते.) हे पाणी येते कोठून, असे त्याने विचारले, तर 1860 चा विहार व 1879 चा तुळशी हे तलाव, भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र, दूरची तानसा व भातसा धरणे, असा सारा भूगोल उलगडतो. सवड काढून त्यास बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत न्यावे. तेथील भिक्षूंनी पावसाचे पाणी साठविण्यासाठी कातळात खोदलेल्या पोढी पाहिल्या म्हणजे हंडा भरणाऱ्या मुलास त्यांचे मोल चटकन कळते. एरवी पुस्तकांचा तगादा लावू नये. रोज गोष्टीची चार पाने पुरेत.

खेळाच्या बाबतीत मात्र पालकांनी दूर राहावे. लगोरी, लंगडी, सागरगोटे यांचे नियम मुले आपसांत भांडून ठरवितात. त्या भांडणातही शिक्षण आहे. इमारतींच्या आवारात ‘येथे खेळू नये’ अशा पाट्या दिसतात. निदान सायंकाळी पाच ते सात त्या पाट्यांचा अंमल थांबवावा, अशी रहिवाशांस विनंती आहे. भर उन्हात मात्र सावलीतील बैठे खेळच बरे.

वर्गशिक्षकांस एक सूचना. जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रत्येक मुलीस ‘सुट्टीत कोणता खेळ खेळलीस?’ असे आवर्जून विचारावे. ती गप्प राहिली, तर त्याच आठवड्यात तिच्या घरी जाऊन यावे.