नवभीती, माशांमधील
अपरिचित वस्तू, वास, अन्न किंवा जागा यांपासून दूर राहण्याच्या प्राण्यांच्या प्रवृत्तीला नवभीती म्हणतात. गोड्या पाण्यातील लहान माशांच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे. कारण भक्षकाशी होणारी पहिली गाठच पुष्कळदा अखेरची ठरते व अनुभवाने शिकण्यास दुसरी संधी मिळत नाही. उलटपक्षी, प्रत्येक नव्या गोष्टीला भिणाऱ्या माशाला अन्न व जोडीदार मिळविण्यास कमी वेळ उरतो. यामुळे नवभीतीचे प्रमाण सर्वत्र सारखे नसून ते अधिवासातील धोक्यानुसार कमीजास्त होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे त्रिनिदाद बेटावरील गप्पी मासा. बेटाच्या उत्तरेकडील डोंगररांगेतील ओढ्यांत अनेक धबधबे असून मोठे भक्षक मासे ते चढून जाऊ शकत नाहीत. धबधब्यांखालील डोहांत पाइक सिक्लिड हा भक्षक पूर्ण वाढलेले गप्पीही खातो. वरच्या भागात मुख्यतः रिव्ह्यूलस हा लहान मासा असतो व तो बहुधा लहान गप्पींनाच पकडतो. खालच्या भागातील गप्पी दाट थवे करून राहतात. पाण्यात अनोळखी वास मिसळल्यास ते सावध होतात. सुरक्षित भागातील गप्पींमध्ये असा प्रतिसाद फारसा आढळत नाही.

ही भीती सर्वस्वी जन्मजात नसते. जखमी माशाच्या त्वचेतून पाण्यात पसरणाऱ्या द्रव्यामुळे थव्यातील इतर मासे घाबरतात, हे कार्ल फोन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो माशांत दाखविले. मिनो माशांच्या त्वचेतील विशिष्ट पेशी गप्पीत नसतात. तरीही जखमी गप्पीच्या वासाने इतर गप्पी सावध होतात. अशा वासांचा वारंवार अनुभव दिलेले मासे, पूर्वी कधीही न अनुभवलेल्या वासालाही भिऊ लागतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले. म्हणजे मासा केवळ विशिष्ट शत्रू ओळखण्यास शिकत नाही. आपले पाणी धोक्याचे आहे, हेही तो शिकतो.

नवभीती म्हणजे सरसकट भित्रेपणा मात्र नव्हे. पनामातील ब्रॅकिराफिस या लहान माशाच्या अभ्यासात, भक्षकबहुल पाण्यातील मासे आडोशातून मोकळ्या जागेत अधिक लवकर बाहेर पडतात, असे दिसून आले. सततच्या धोक्यात दीर्घकाळ लपून राहिल्यास उपासमार होते, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. एकच परिस्थिती माशाला एका बाबतीत सावध, तर दुसऱ्या बाबतीत धीट बनवू शकते.

या ज्ञानाला व्यावहारिक महत्त्वही आहे. संवर्धन केंद्रांतील निर्धोक टाक्यांत वाढलेल्या माशांत धोक्याच्या अनुभवाने येणारी सावधगिरी निर्माण होत नाही व नदीत सोडल्यावर त्यांतील पुष्कळसे लवकरच भक्ष्यस्थानी पडतात. सोडण्यापूर्वी त्यांना धोक्याच्या वासांचा परिचय करून देण्याचे प्रयोग म्हणूनच करण्यात आले आहेत. महाराष्ट्रात डासांच्या अळ्यांच्या नियंत्रणासाठी हौद व डबकी यांत सोडले जाणारे गप्पी मूळचे दक्षिण अमेरिका व त्रिनिदादकडील होत. टाकीत पाळलेल्या माशाच्या वर्तनावरून त्याच्या नैसर्गिक स्वभावाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. कारण धोका नसलेल्या पाण्यात ही भीती सुप्तच राहते.