थोडं पाणी, कोरडा वारा आणि ओली लेकरं

झरीहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. मोठ्या शहरांतल्या काही बागांत हल्ली मुलांसाठी फवाऱ्यांचं अंगण असतं. फरशीतून पाणी उसळतं, वरच्या कमानीतून धारा पडतात आणि खाली पाणी साचत मात्र नाही. परभणी तालुक्यातल्या एखाद्या गावात, घराजवळ, शाळेच्या पटांगणात असं काही करता येईल का? आणि जिथं उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची चिंता असते, तिथं ते करणं बरं दिसेल का?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा वजनदार आहे. २०१५ च्या उन्हाळ्यानंतर परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. ते दिवस पाहिलेल्या माणसाला ‘कारंजं’ हा शब्द उच्चारतानाही संकोच वाटतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर लिटर मोजूनच द्यायला हवं.

मोजायला सुरुवात केली की पहिलीच गोष्ट चकित करते. अंगावर पाणी घेतलं की गार वाटतं ते पाणी गार असतं म्हणून, असं आपण धरून चालतो. ते खरं आहे, पण फार थोडं. २५ अंशांचं एक लिटर पाणी अंगावर ओतलं आणि ते त्वचेवर ३३ अंशांपर्यंत तापून निथळून गेलं, तर त्यानं शरीरातून फक्त ८ किलोकॅलरी उष्णता नेली. तेच लिटरभर पाणी त्वचेवरून वाफ होऊन उडालं, तर ते जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. सत्तरपटीहून अधिक! शाळेत अप्रकट उष्म्याचा धडा आपण मार्कांपुरता वाचतो, पण उन्हाळ्यातला सगळा गारवा त्या एका धड्यात आहे.

आता वीसेक किलो वजनाचं एक लेकरू घ्या. पळताना, उड्या मारताना त्याच्या शरीरात साधारण दीडशे वॅट दरानं उष्णता तयार होते. तासभराची ही उष्णता बाहेर काढायला किती पाण्याची वाफ व्हावी लागते? पाव लिटरहूनही थोडी कमी. उन्हाची आणि तापलेल्या हवेची उष्णता वेगळी, ती धरून तिप्पट करा, तरी हिशेब लिटरच्या आत राहतो. बादल्याच्या बादल्या ओतून जे साधत नाही ते एवढ्या पाण्यात साधतं. अट एकच: ते पाणी उडालं पाहिजे.

ते किती सहज उडेल हे हवा ठरवते, आणि इथं मराठवाड्याच्या पदरात एक मोठं दान पडलेलं आहे. हवामान वेधशाळेच्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. मे महिन्यातल्या दुपारी हवा ४२ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असेल, तर ओल्या मलमलीतला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. तब्बल वीस अंशांचा फरक! त्याच दिवशी मुंबईत हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तिथला ओला तापमापक २८ च्याही वर अडकतो. मुंबईला हवा मुळात आठ अंशांनी गार, पण ओलं होऊन गार होण्याची सोय परभणीत कितीतरी जास्त. झरीच्या ओसरीवरचा माठ मे महिन्यात दात शिवशिवेपर्यंत गार पाणी देतो आणि श्रावणात तोच माठ निरुपयोगी होतो, त्याचं कारण हेच. ओलं लेकरू आणि पाझरता माठ यांचं भौतिकशास्त्र एक आहे. फरक एवढाच, की लेकराच्या आत सतत पेटलेली शेगडी असते.

हवेत उडालेला थेंबसुद्धा वाटेत गार होत जातो, त्याच २२ अंशांच्या दिशेनं. थेंब जितका बारीक, तितका लवकर. लिटरभर पाण्याचे एक मिलिमीटर व्यासाचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा चौरस मीटर भरतो. थेंब दहापट बारीक केले तर साठ चौरस मीटर. परळीच्या वीज केंद्रातले भलेमोठे शीतकरण मनोरे याच तत्त्वावर चालतात: गरम पाणी फवारायचं, हवेला त्याच्यातलं थोडं खाऊ द्यायचं, उरलेलं गार झालेलं गोळा करायचं.

इथं मला एका माणसाविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. जोसेफ वायनर. जन्मानं दक्षिण आफ्रिकेचा. सोन्याच्या खोल, कोंदट खाणींत राबणाऱ्या कामगारांची शरीरं उष्णतेला कशी सरावतात, हा त्याच्या उमेदीच्या वर्षांतला अभ्यास. पुढे तो इंग्लंडात गेला आणि १९५३ मध्ये जगभर गाजला, पण भलत्याच कारणानं. ससेक्समधल्या पिल्टडाउन गावी १९१२ मध्ये सापडल्याचं सांगितलेली ‘आदिमानवाची’ कवटी बनावट आहे, माणसाच्या कवटीला ओरँगउटानचा जबडा जोडून आणि दात कानशीनं घासून ती तयार केली आहे, हे त्यानं आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर सिद्ध केलं. विज्ञानाच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते तेवढ्यासाठी. मला मात्र तो आठवतो तो त्याच्या एका खाटेसाठी.

हज यात्रेत उष्माघातानं शेकडो माणसं कोसळत. त्यांना वाचवायचं म्हणून बर्फ लावावा, तर गार स्पर्शानं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आतली उष्णता आतच कोंडते, आणि रोगी थरथरू लागला तर त्या थरथरण्यानंच आणखी उष्णता तयार होते. वायनर आणि कुवैत विद्यापीठातले मुस्तफा खोगाली यांनी उलटा विचार केला. रोग्याला जाळीच्या खाटेवर निजवायचं, सगळीकडून बारीक तुषार सोडायचे आणि वरून वारा घालायचा तो चक्क गरम! त्वचा ३२-३३ अंशांच्या आसपास उबदार राहते, रक्तवाहिन्या उघड्या राहतात, शरीरातली उष्णता त्वचेपर्यंत येत राहते आणि तिथून वाफेबरोबर निघून जाते. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडलं, आणि मक्केतल्या उपचार केंद्रांत अशा खाटा वापरल्या गेल्या. कष्टाच्या कामानं किंवा खेळानं उष्माघात झालेल्या तरुणांसाठी बर्फाच्या पाण्यात बुडवणं अधिक वेगवान ठरतं हे नंतर दिसून आलं आहे. पण थकल्याभागल्या, वयस्क रोग्यासाठी तुषार आणि वारा हा उपचार आजही केला जातो. गरम वाऱ्यानं माणूस गार करता येतो, हे इतक्या धिटाईनं वापरणाऱ्या या दोघांची नावं आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवीत. मे महिन्यात झरीच्या शिवारात गरम वारा सुटलेला असतो. त्यात फक्त तुषार घालायचे बाकी आहेत.

त्या तुषारांचं सामान गावात आधीच आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचा तुषार संच हंगाम संपला की गोठ्याच्या भिंतीला लागून पडलेला असतो. पण त्याचं नोझल तासाला हजार-दीड हजार लिटर सहज फेकतं, त्यामुळे ते इथं नको. शेडनेटमध्ये भाजीपाल्यावर लावतात तो चार तोंडांचा फॉगर तासाला तीसेक लिटरवर चालतो, आणि बागेतला मायक्रो स्प्रिंकलर चाळीस ते सत्तर लिटरवर. फॉगरचं धुकं बारीक असतं, ते हवा गार करतं. अंग भिजवायला मायक्रो स्प्रिंकलरचे थोडे जाड थेंब हवेत. म्हणजे चार मायक्रो स्प्रिंकलर आणि चार फॉगर, रोज दोन तास: सातशे-आठशे लिटर. वीस-पंचवीस मुलांच्या वाट्याला माणशी तीसेक लिटर. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात अग्निशामक नळ उघडून पोरं रस्त्यात भिजत. तसा मोकळा सोडलेला नळ मिनिटाला जवळपास चार हजार लिटर ओततो. आता तिथलं अग्निशमन दल मागणाऱ्या प्रौढ नागरिकाला भोकं पाडलेली फवारा टोपी फुकट देतं, ती लावली की तेच पाणी मिनिटाला शंभर लिटरच्या आत येतं. शहरी कंपन्या विकतात ते रंगीत खांब, सेन्सर, संगीतावर नाचणाऱ्या धारा यांच्यामुळे लेकरू एका अंशानंही जास्त गार होत नाही.

पंप नसला तर? पुण्याच्या शनिवारवाड्यातलं कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं सवाई माधवरावाच्या बालपणी त्याच्या करमणुकीसाठी केलं, असं सांगतात. त्याला कुठली मोटर होती! नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून उताराच्या नळानं पाणी शहरात आणलं होतं, आणि कात्रज उंचावर आहे, एवढंच त्या व्यवस्थेचं इंजिन. शाळेच्या गच्चीवर, तीन-साडेतीन मीटर उंचीवर टाकी असेल, तर खाली बसवलेल्या धारेला सेकंदाला साडेसात-आठ मीटर वेग मिळतो. मायक्रो स्प्रिंकलरला तेवढा दाब पुरत नाही, पण भोकं पाडलेल्या आडव्या पाइपमधून सडसडून सरी पाडायला पुरतो.

यावर कुणी म्हणेल, कशाला एवढा खटाटोप, विहिरी आहेत, तळी आहेत, पोरं पोहतातच. हेच मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेततळ्यात बुडून मुलं गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांत पोहता येणारी मुलंही असतात. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं घ्या. त्याच्या बाजू एकास एक उतारानं, म्हणजे ४५ अंशांत उतरतात, आणि त्यावर प्लॅस्टिकचं अस्तर असतं. ४५ अंशांच्या उतारावर पाय घसरू नये यासाठी घर्षण गुणांक किमान १ लागतो. ओलं, शेवाळलेलं प्लॅस्टिक आणि अनवाणी पाय यांच्यात तो त्याच्या जवळपासही जात नाही. मूल काठाशी पोचतं, हात टेकवतं आणि पुन्हा आत घसरतं. दमेपर्यंत. वाचवायला उतरलेलं दुसरं मूलही त्याच कोनात अडकतं. पोहण्याचं कौशल्य इथं कामाचं नाही, कारण प्रश्न पाण्यात तरंगण्याचा नसून भिंत चढण्याचा आहे. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर खुंट्यांना बांधून आत सोडावेत, हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून ठेवावी, कुंपण घालावं. हे काही हजारांचं काम आहे. बागेसाठी शेततळं करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानं ते अस्तराच्या खर्चातच धरलं पाहिजे. आणि मुलांना पाण्यात खेळायला घराजवळ जागा असली, तर ती दुपारी शिवारात पाणी शोधत कशाला जातील?

फवाऱ्याच्या अंगणात पाणी साचत नाही, म्हणून बुडायची भीती नाही. पण दुसरी एक भीती आहे, आणि तिच्याबद्दल विक्रेते बोलत नाहीत. तिथं पडलेलं पाणी गटारातून टाकीत आणि टाकीतून पुन्हा फवाऱ्यात, असं अनेक ठिकाणी फिरवतात. ‘पाणी वाचतं’ ही जाहिरात त्यावरच उभी असते. लहान मुलं लंगोटासकट त्यात बसतात, फवाऱ्याला तोंड लावतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं १९९७ ते २०२२ या काळातल्या अशा जागांचा आढावा घेतला, तेव्हा ६० साथी आणि १०,६११ आजारी माणसं नोंदलेली निघाली. मुख्य गुन्हेगार क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी. नेहमीच्या प्रमाणात क्लोरीन घातलेल्या पाण्यातही तो आठवडाभराहून अधिक जगतो. त्याला मारायला अतिनील दिव्यांसारखी जादा यंत्रणा लागते, आणि तिची निगा राखणं गावातल्या व्यवस्थेला झेपणारं नाही.

म्हणून गावात पाणी फिरवूच नये. फवाऱ्याखालून निघालेलं पाणी फरशीच्या उतारानं सरळ आळ्यांत जाऊ द्यावं: शाळेच्या परसबागेत, कडुनिंबाच्या आणि चिंचेच्या रोपांना. रोपांना उन्हाळ्यात जे पाणी घालायचंच असतं, ते आधी मुलांच्या अंगावरून जाईल इतकंच. मग त्या सातशे-आठशे लिटरवर दोनदा हक्क सांगता येतो, आणि टंचाईच्या वर्षी झाडांना पाणी नसेल तेव्हा फवाराही बंद, हा नियम आपोआप लागतो. टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर मात्र नेमानं पडली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला हे काम नवं नाही. तापलेल्या साठ्यात वाढणारा आणि नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा नेग्लेरिया हा अमीबा क्लोरीनला टिकत नाही. २०२४ मध्ये केरळात त्यानं मुलांचे जीव घेतले, त्यामुळे तो परदेशातला धोका राहिलेला नाही.

आणखी थोडं. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी कातडी भाजेल इतकं गरम असतं, ते आळ्यात सोडून मगच मुलांना बोलवावं. सिमेंटची फरशी दुपारी तळवे पोळते, म्हणून जागा झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत हवी आणि पृष्ठभाग खडबडीत हवा. वेळ चार ते सहा. बारा ते तीन नको, पाणी अंगावर असलं तरी ऊन थांबत नाही. खेळताना मुलांना तहान कमी जाणवते, तेव्हा तांब्या-पेला जवळ ठेवावा.

मृग लागला, दोन-तीन पाऊस झाले, की हवा ३५ अंशांवर उतरते आणि आर्द्रता साठ टक्क्यांवर चढते. ओला तापमापक तेव्हा २८ च्या वर जातो, म्हणजे थेट मुंबईच्या पंक्तीला. ओली मुलं त्या दिवसांत चिकचिकतात, गार होत नाहीत. तेव्हा नोझल काढून, व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून त्यातला क्षार सोडवावा आणि संच पुढच्या मार्चपर्यंत कोरडा करून ठेवून द्यावा.